एका रात्रीत तलावातले मासे मेले: विष की आणखी काही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुमचं गाव गोंदिया जिल्ह्यात. गावचा मामा (माजी मालगुजारी) तलाव साधारण १० हेक्टरचा, मच्छीमार संस्थेकडे ठेक्याने. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस आभाळ भरून होतं, पान हलत नव्हतं. मग रात्री जोराचा पाऊस कोसळला आणि सकाळी पाळीजवळ (तलावाच्या बांधाजवळ) कटला-रोहूचा खच पडलेला. मोठे मासे आधी मेले, काठाला लहान मासे तोंड वर काढून हवा ओढत होते, मरळ एकही मेलेली दिसली नाही. महिनाभर हिरवंगार असलेलं पाणी दोन दिवसांत तपकिरी झालं. गावात बोललं जातंय की तलावाला लागून ज्यांच्या बांध्या (धानाची शेतं) आहेत, त्यांनी औषध टाकलं. तुम्ही विचारताय की हे विष असेल का, की पेपरात येतो तो हवामानबदल, आणि पुढच्या वर्षी हे टाळता येईल का.

पूर्व विदर्भातल्या तलावांचं पाणी तपासण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. भंडारा-गोंदियातल्या ढिवर या मच्छीमार समाजाच्या संस्थांबरोबर काम केलं, त्यामुळे एका हंगामाचे मासे गेले म्हणजे काय जातं ते जवळून पाहिलंय. आधी ज्यांच्यावर संशय आहे त्या शेतकऱ्यांचं बोलू, कारण ते थांबू शकत नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणा खऱ्या असतील, तर हे विषाचं काम नसावं. तुमचे मासे गुदमरून मेले. प्रयोगशाळेचा अहवाल हातात नसताना छातीठोकपणे कोणीच सांगू नये, मीही सांगणार नाही. पण खुणा इतक्या एका बाजूला आहेत की मी तुमच्या गावात असतो तर आज संध्याकाळी चावडीवर हेच सांगितलं असतं.

आता खुणा एकेक करून बघा. पाण्यातला प्राणवायू कमी पडला की मोठे मासे आधी जातात. त्यांच्या देहाला लागणारा प्राणवायू जास्त, आणि संकटात काठाच्या बोटभर पाण्यात येऊन पृष्ठभागाचा पातळ थर ओढणं त्यांना जमत नाही. लहान मासे ते करतात. कीटकनाशक असतं तर उलट झालं असतं. लहान मासे आणि पिल्लं आधी गेली असती, मासे वेडेवाकडे फिरले असते, त्यांना झटके आले असते, आणि पाण्यातले किडे-झिंगे सोबत मेलेले दिसले असते. मरळ, मागूर, शिंगी हे मासे हवेतून थेट श्वास घेऊ शकतात. म्हणून प्राणवायू संपलेल्या पाण्यातही ते तगतात. विष मरळ बघून सोडत नाही. आणि वेळ बघा. गुदमरलेले मासे पहाटे मरतात, सूर्य उगवण्याच्या आधीच्या दोन-तीन तासांत. विषाला घड्याळ नसतं.

आणखी एक गोष्ट, जी शेतीतल्या माणसाला लगेच पटेल. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्याकडे पऱ्हे (धानाची रोपं) टाकणं चालू असतं, रोवणी म्हणजे लावणी अजून पुढे असते. धानावर खोडकिडा-तुडतुड्यांसाठी फवारणीचा जोर येतो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्या काळात मासे मेले असते आणि आदल्या दिवशी शेजारच्या बांधीत फवारणी झाली असती, तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. मासे धरायला मुद्दाम ब्लीचिंग पावडर किंवा औषध टाकणारेही असतात, ते मी नाकारत नाही. पण ते करणारा मासे गोळा करायला येतो, पाळीवर टाकून जात नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक चूक सांगतो, कारण तिची किंमत दुसऱ्याने मोजली. अशाच एका गावातून निरोप आला. मी बस पकडून पोहोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पाणी तपासलं, प्राणवायू भरपूर निघाला. मी सांगून टाकलं, ‘प्राणवायूची काही अडचण दिसत नाही.’ त्याचा अर्थ गावाने लावला तो सरळच होता: म्हणजे विष. एका कुटुंबाशी लोकांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं. माझं मोजमाप बरोबर होतं, वेळ चुकली होती. पहाटे पाचला त्याच पाण्यात काय असतं ते मी तेव्हा बघितलंच नव्हतं. त्यानंतर मी मासे मेल्याच्या निरोपावर कधीही सकाळी निघालो नाही. आदल्या रात्रीच मुक्कामाला जातो.

पाणी दिवसा आणि रात्री वेगळं असतं, यातच सगळं आलं. पाण्यात प्राणवायू मुळात थोडा. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, एक लिटर पाण्यात जेमतेम सात-आठ. तो येतो दोन वाटांनी: वाऱ्याने हलणाऱ्या पृष्ठभागातून, आणि पाण्यातल्या वनस्पती-शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणातून. हिरव्यागार तलावात दुपारी तीनला शेवाळ इतका प्राणवायू सोडतं की तो पाण्यात मावत नाही, बुडबुडे वर येतात. सूर्य मावळला की हेच शेवाळ माशांसारखाच श्वास घेऊ लागतं. मासे, किडे, गाळातले जिवाणू आणि पाणी हिरवं करणारे ते अब्जावधी जीव, सगळे रात्रभर एकाच ताटातून खातात आणि वाढणारं कोणी नसतं. कटला-रोहूसारख्या कार्प माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम असला की बरं चालतं, तीनच्या खाली ते हवालदिल होतात, एकच्या आसपास मरतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक साधी तपासणी आहे, विंकलरची, १८८८ पासूनची. काचेच्या बुचाची बाटली बुडबुडा न येऊ देता पाण्याने भरायची, तिच्यात आधी मँगनीज सल्फेटचे आणि मग आयोडाइड मिसळलेल्या अल्कलीचे थेंब सोडायचे. प्राणवायू असेल तर बाटलीत तपकिरी ढग उठतो आणि हळूहळू खाली बसतो. मोजमाप त्यापुढचं. पण खरं उत्तर त्या रंगातच कळून जातं. एका पहाटे साडेचारला मी एका ढिवर काकांच्या डोंग्यात बसून तलावाच्या मधोमध गेलो होतो. कंदिलाच्या उजेडात वरच्या पाण्याची बाटली फिकट तपकिरी झाली. मग तळाजवळचं पाणी वर ओढलं, थेंब सोडले. ढग उठला तो पांढराशुभ्र, दुधासारखा. पांढरा म्हणजे प्राणवायू नाहीच. काकांनी ती बाटली हातात घेतली, कंदिलाजवळ धरली आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे खालचा अर्धा तलाव मेलेलाच आहे. मासे वरच्या मजल्यावर राहतात.” तलावाचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्या अहवालात वाचलेलं नाही.

तुमच्या तलावात त्या रात्री काय झालं असावं, ते या दोन मजल्यांवरून समजतं. उन्हाळाभर वरचं पाणी तापतं आणि हलकं होऊन वर तरंगतं, खालचं थोडं गार पाणी खालीच राहतं. दोन अंशांचा फरक तो काय, असं वाटेल. पण तापलेल्या पाण्याची गंमत अशी की २९ वरून ३० अंशांवर जाताना त्याची घनता जितकी बदलते, ती ४ वरून ५ अंशांवर जाताना बदलते त्याच्या ३० पटींहून अधिक. म्हणून थंड देशांतल्या तळ्यांपेक्षा आपल्या तलावांत एक-दोन अंशांच्या फरकानेही वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत नाही. खालच्या मजल्यावर गाळ, कुजणारी पानं, मेलेलं शेवाळ. तिथे प्राणवायू संपतो, अमोनिया आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड साठत जातो.

मग दोन दिवस ढग आले. शेवाळाला ऊन मिळेना, दिवसाची कमाई घटली, रात्रीचा खर्च तसाच राहिला. वारा नसल्याने पृष्ठभागातूनही भर पडली नाही. तुमचं पाणी हिरव्याचं तपकिरी झालं, याचा अर्थ शेवाळ एकदम मरायला लागलं होतं, आणि मेलेलं शेवाळ कुजवायला जिवाणू आणखी प्राणवायू खातात. अशात गार पाऊस पडला. गार पाणी जड, ते खाली गेलं आणि तळाचं मेलेलं पाणी वर आलं. सोबत पहिल्या लोंढ्याने उकिरडे, नाल्या, शेणखताचे ढीग आणि बांध्यांमधली माती आणून टाकली. माशांचा वरचा मजलाही बुडाला. त्या सकाळी पाळीवर सडक्या अंड्याचा वास होता का, हे जुन्या लोकांना विचारून बघा. बहुतेक कोणीतरी ‘हो’ म्हणेल.

इथवर सांगितलं ते सगळं पूर्वीही होत असे. माझ्या ओळखीच्या वयस्क मच्छीमारांना ‘पहिल्या पाण्याला मासा वर येतो’ हे ठाऊक आहे. तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे: पूर्वी मासा वर यायचा आणि दुपारपर्यंत पुन्हा खाली जायचा, आता मरतो का?

एक कारण उष्णता. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६, ३५ अंशांना जेमतेम ७. आणि त्याच वेळी थंड रक्ताच्या जीवांची गरज वाढते. दहा अंश वाढले की श्वसन साधारण दुप्पट होतं. एका बाजूने शिल्लक घटते, दुसऱ्या बाजूने खर्च वाढतो. जगभरातल्या २३५ सरोवरांच्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९८५ ते २००९ या काळात उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं तापमान दर दशकाला सरासरी ०.३४ अंशाने वाढलेलं आढळलं. आकडा लहान वाटतो. पण जो तलाव पहाटे अडीच मिलिग्रॅमवर कसाबसा उभा आहे, त्याला लहान धक्काही पुरतो. उथळ तलावात तर तळापर्यंत ऊन पोहोचतं, आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो.

दुसरं कारण पावसाची बदललेली चाल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. तलावाच्या भाषेत याचा अर्थ असा: पूर्वी मृगाच्या सरींनी आठ-दहा दिवसांत थोडं थोडं येणारं पाणी आता एका रात्रीत येतं, आणि शिवारातली सगळी घाण एकाच दमात घेऊन येतं. पुढे खंड पडला तर आणखी एक नुकसान होतं, जे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. आपले बरेच गावठी मासे पहिल्या पुराबरोबर चढणीला लागतात, बांध्यांत आणि काठाच्या उथळ गवतात अंडी घालतात. पाणी चढून चार दिवसांत पुन्हा ओसरलं तर अंडी-पिल्लं तिथेच सुकतात. त्याची बातमी होत नाही, पण दोन वर्षांनी जाळ्यात मासा नसतो.

तिसरं कारण आपल्या हातातलं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: तलावात जाणारं स्फुरद (फॉस्फरस). शेवाळाच्या वाढीला बहुतेक वेळा हेच कमी पडत असतं, म्हणून ते मिळालं की शेवाळ फोफावतं. हिशोब करून बघा. एक ग्रॅम स्फुरदावर साधारण १०० ग्रॅम कोरडं शेवाळ वाढू शकतं, आणि ते मेल्यावर पूर्ण कुजायला सुमारे १४० ग्रॅम प्राणवायू लागतो. लिटरमागे ७ मिलिग्रॅम धरला तर तो २०,००० लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू झाला, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. आता डीएपी या खताच्या पोत्यावर ४६ टक्के स्फुरद लिहिलेलं असतं ते ऑक्साइडच्या रूपात. मूळ स्फुरद त्यात सुमारे २० टक्के. म्हणजे एक ग्रॅम स्फुरद यायला ५ ग्रॅम डीएपी पुरे, चहाचा एक चमचा. हा कागदावरचा कमाल हिशोब आहे, सगळंच खत पाण्यात जात नाही आणि सगळंच शेवाळ एका वेळी कुजत नाही. तरी गावसभेत मी चमचा हातात धरून हे सांगतो, कारण मग खताच्या दुकानातलं पोतं आणि तलावातला मासा यांचा संबंध वेगळा समजवावा लागत नाही. खतच काय, गावच्या नालीतलं सांडपाणी, कपडे धुण्याची पावडर, पाळीलगतचे उकिरडे, जास्त मासे वाढावेत म्हणून खुद्द संस्थेने टाकलेलं शेण, सगळं याच खात्यात जमा होतं.

चौथी गोष्ट वनस्पतींची, आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. तुमच्या भागातले तलाव कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधले. नवेगाव बांध त्यातलाच. त्या तलावांचे काठ उथळ, हळूहळू खोल होत जाणारे असत. त्यात पाण्याखालच्या वनस्पती, कमळं, शिंगाडे, काठाला देवधान (जंगली भात) आणि गवत. ही झाडं गाळ धरून ठेवतात, स्फुरद शेवाळाच्या आधी स्वतः घेतात, पाणी नितळ ठेवतात, माशांच्या पिल्लांना लपायला जागा देतात. ती गेली की पाणी गढूळ-हिरवं होतं, तळाशी ऊन पोहोचत नाही, मग ती पुन्हा उगवूही शकत नाहीत. उथळ तळी अशी एका अवस्थेतून दुसरीत उलटतात आणि आपोआप मागे येत नाहीत, हे १९९० च्या दशकात नेदरलंड्सचे शास्त्रज्ञ मार्टेन शेफर यांनी सविस्तर मांडलं. आपल्याकडे ही झाडं गेली ती काठावर बेशरम हे झुडूप माजल्याने, यंत्राने सरसकट खोदल्याने, आणि गवत्या (ग्रास कार्प) व सायप्रिनस (कॉमन कार्प) या माशांचं बीज सोडल्याने. गवत्या कोवळी जलवनस्पती साफ करतो. सायप्रिनस तळ उकरून गाळ ढवळतो. दोन्ही मासे लवकर वजन धरतात म्हणून संस्थांना आवडतात, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. ठेक्याचे पैसे वेळेत भरायचे असतात.

म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या ‘विष की हवामानबदल’ या दोन्हींत बसेल असं उत्तर माझ्याकडे नाही. तलावाची श्वासाची शिल्लक गाळ, खत, सांडपाणी आणि गेलेली झाडं यांनी आधीच संपत आणली होती. वाढत्या उष्णतेने ती आणखी कमी केली. ढग आणि पाऊस हे शेवटचं कारण ठरले. कोणत्या गोष्टीचा वाटा किती, हे तलावागणिक बदलतं. डोंगरपायथ्याच्या, आजूबाजूला जंगल असलेल्या तलावात खताचा प्रश्न जवळजवळ नसतो. वस्तीला खेटलेल्या तलावात सांडपाणी सगळ्यांवर मात करतं. मोठ्या धरणांतही तीच यंत्रणा चालते. पुणे-पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी पोहोचणाऱ्या उजनीच्या जलाशयात हिरवं पाणी आणि चिलापी (तिलापिया) माशाचं राज्य आहे ते त्यामुळेच. तुमचा तलाव किती खोल, पाणलोटात काय आणि नाली कुठून येते, हे कळल्याशिवाय मी टक्केवारी सांगणार नाही.

आता करायचं काय. आज-उद्याचं आधी. मेलेले मासे काढून तलावापासून दूर, चुना टाकून पुरा. पाण्यात सोडले तर तेही कुजून प्राणवायूच खातील. हे मासे खाऊ नका, विकूही नका. शेण आणि खाद्य टाकणं पूर्ण बंद. उरलेले मासे वाचवायचे असतील तर रात्री बारा ते सकाळी सात या वेळेत डिझेल पंपाने वरचं पाणी उचलून फवाऱ्यासारखं परत तलावात पाडा. १० हेक्टरला सरासरी दीड मीटर पाणी धरलं तरी ते १५ कोटी लिटर होतं, एवढ्या तलावाला पंप पुरणार नाही. पण एका कोपऱ्यात प्राणवायू राहिला तर मासे तिथे गोळा होतात आणि सकाळपर्यंत निभावतात. पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणारं तोंड) तळाजवळ ठेवू नका, गाळ आणि खालचं पाणी वर येईल.

हिरवं पाणी मारायला मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकू नका. कोणी दुकानदाराने सांगितलं तरी नाही. मी एका गावात बघितलंय: शेवाळ तीन दिवसांत मेलं, पाणी नितळ दिसलं, लोक खूश झाले, आणि चौथ्या पहाटे उरलेले मासेही गेले. एकाच वेळी मेलेलं शेवाळ कुजायला लागतं ते सगळा प्राणवायू घेऊनच. शिवाय निळ्या-हिरव्या शेवाळातल्या काही जातींत यकृताला बाधणारं विष असतं, ते पेशी फुटल्या की पाण्यात उतरतं आणि उकळूनही जात नाही. म्हणून वाऱ्याने ज्या काठाला हिरवी साय जमते तिथे गुरं पाजू नका, पोरांना पोहू देऊ नका.

विषाची शंका अजून कोणाच्या मनात असेल, तर तिला रीतसर वाट द्या. पुढच्या वेळी असं काही दिसलं तर पहिल्या दोन-चार तासांत स्वच्छ काचेच्या बाटलीत पाणी आणि नुकताच मरू घातलेला, कल्ले अजून हलणारा मासा बर्फात ठेवा, वेळ लिहा, मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. फुगलेल्या, वास मारणाऱ्या माशातून कोणतीही प्रयोगशाळा खात्रीचं काही सांगू शकत नाही.

पुढच्या जूनसाठी मात्र तयारी मे महिन्यातच व्हायला हवी. मोठे मासे पावसाआधी काढून विका. भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल, कारण पहाटे सगळ्यात आधी मरणारे तेच असतात आणि सगळ्यात जास्त प्राणवायू खाणारेही तेच. बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) घाईने सोडू नका, पहिले लोंढे येऊन पाणी स्थिरावलं की सोडा. एकरी किती सोडायची हे विभागाच्या माणसाला विचारा, पण पाणी गडद हिरवं असेल तर ते सांगतील त्याहून कमीच सोडा. ज्या नाल्यातून लोंढा येतो त्याच्या तोंडाशी वीस-पंचवीस पावलांचा पट्टा गवत आणि लव्हाळ्यासाठी राखा. पहिला गढूळ लोंढा तिथे अडखळला तरी बरंच काम होतं. पाळीलगतचे उकिरडे पावसाआधी शेतात नेऊन पसरा आणि मातीत मिसळा. ज्या शेतकऱ्यांवर आज संशय आहे, त्यांच्याशीच डीएपी कधी टाकायचं हे बोला: मोठ्या पावसाचा अंदाज असताना बांधीत खत टाकलं तर त्यांचे पैसेही तलावात जातात.

गाळ काढण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विषय निघणारच. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे, त्यातून गाळ काढता येतो, आणि गाळाबरोबर साठलेलं स्फुरदही बाहेर जातं. माझा आग्रह एवढाच की पोकलेनवाल्याला पाळीपासून पाळीपर्यंत सपाट खणू देऊ नका. मध्यभाग खोल करा, काठाचा उतार तसाच ठेवा. एखादा कोपरा, जिथे कमळं किंवा देवधान अजून उरलंय, त्याला हातही लावू नका. बेशरम काढायची असेल तर मुळासकट आणि उन्हाळ्यात. तुकडे पाण्याजवळ पडले तर ती पुन्हा फुटते. गवत्या आणि सायप्रिनसचं बीज निदान दोन वर्षं टाळता आलं तर बघा, आणि त्या दोन वर्षांत पाण्याखाली काय उगवतं याची नोंद ठेवा. तिथल्या ढिवर बायका कुठली वनस्पती कुठल्या माशाची जागा आहे हे माझ्यापेक्षा जास्त जाणतात. कोपरा निवडताना त्यांना सोबत घ्या.

एक काम तुम्ही आजच सुरू करू शकता. पाण्याचा नितळपणा मोजायला २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार भागांची थाळी दोरीला बांधून सोडतात. घरच्या स्टीलच्या झाकणालाही रंग देऊन ती करता येते. ती किती खोलीवर दिसेनाशी होते, ते दर रविवारी दुपारी बाराला लिहून ठेवा. पाणी शेवाळाने हिरवं असताना दीड वीत खोलीच्या आत दिसेनाशी होऊ लागली, की समजा रात्री जड जाणार आहेत. सोबत प्राणवायूची तपासणी पेटी संस्थेने घ्यावी, आणि तपासणी दोनदा करावी: दुपारी तीनला आणि पहाटे पाचला. चार-पाच आठवड्यांच्या या दोन रकान्यांच्या नोंदी, तलावाचा नकाशा आणि नाली कुठून येते त्याचा फोटो इथेच टाका. मग तुमच्या तलावासाठी नेमकं काय आधी करायचं ते बोलू. आणि त्याआधी, दोन दिवस ढग राहून वारा पडला तर तिसऱ्या रात्री पंप पाळीवर नेऊन ठेवा आणि पहाटे चारला संस्थेचा एक माणूस बॅटरी घेऊन काठावर असू द्या. मासे तोंड वर काढताना दिसले की पंप चालू करायचा.